शिकारकोठीतून आलेली हाक

मला ओळखणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकलेली आहे. लग्नकार्यात पंगती उठल्या, सतरंजीवर पानाचं तबक फिरायला लागलं, की कुणीतरी म्हणतंच, "काका, ती बागींची गोष्ट सांगा ना." मग मी सांगतो. बागी म्हणजे आमच्याकडचे दरोडेखोर. पडक्या शिकारकोठीत मी एकटा कसा शिरलो, भिंतीला टेकवलेल्या तीन बंदुका कशा दिसल्या, जीव मुठीत धरून कसा निसटलो. इतकी वर्षं सांगत आलो आहे. भाच्याच्या मुंजीत तर मी चार बंदुका सांगितल्या.

खरं म्हणजे मी एकही बंदूक पाहिली नाही. त्या कोठीत बागी नव्हते, आणि ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. वडील दरबारच्या ज्या खात्यात होते ते खातंच मिटलं, आणि ते घरी बसले. सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहायचं. जिथे सरकारच दोन घरी राहतं तिथे माणसाच्या नोकरीचा काय भरवसा, असं आई म्हणायची. अशात मला इमारतींच्या खात्यात नोकरी लागली. कच्ची, पण घरात तेवढीच.

लागली ती मोडीमुळे. दरबारच्या किती इमारती शहराभोवती ओस पडल्या आहेत, हे नव्या सरकारात कुणालाच माहीत नव्हतं. चौक्या, नाके, पागा, शिकारकोठ्या. जुनी दफ्तरं मोडीत, आणि आमचे बडे बाबू आले होते माळव्यातून. पहिल्याच दिवशी त्यांनी एक बाड माझ्यासमोर आपटलं.

"ये तुम्हारे पुरखे लिखते थे, कि काग़ज़ पर चींटियाँ छोड़ देते थे? लो, पढ़ो अपनी चींटियाँ."

आजोबांनी मला मोडी शिकवली होती. मी वाचून दाखवलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

सकाळी दफ्तरातून एक-दोन ठिकाणं उतरवून घ्यायची. कागद सांगायचा, अमक्या नाल्याच्या उत्तरेला, वडापासून बंदुकीच्या एका टप्प्यावर चौकी आहे. मग सायकल काढायची आणि तो वड शोधायचा. वड बहुतेक वेळा नसायचाच. सोबत म्हातारा साखळीवाला, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी धरणारा माणूस. तो माझ्या मागे कॅरिअरवर बसायचा, मांडीवर साखळी घेऊन. चढ आला की उतरायचा, आणि उतरताना माझ्यावर उपकार केल्यासारखं बघायचा.

इमारत कागदावर सापडली की मला आनंद व्हायचा. प्रत्यक्षात सापडली की आत जाणं लांबवत राहायचो. हे मी कधी कुणाला कळू दिलं नाही. रिकाम्या घराची भीती मला लहानपणापासून होती. तिला कारण नव्हतं, त्यामुळे उपायही नव्हता. दारातून आधी दगड फेकायचा, मग खोकायचं, मग वटवाघळांचा वास येतो का बघायचं. साखळीवाल्यानं मला एक युक्ती शिकवली होती. उंबऱ्यावरचं कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर आत माणूस नाही.

"और साँप?" मी विचारलं होतं.

"साँप आपको पहले देख लेगा, बाबूजी. आप फिकर मत करो."

त्यातून बागींचे दिवस. दर चार दिवसांनी कुठल्यातरी गावची बातमी यायची. रिकाम्या इमारतींत ते उतरतात, असं सगळेच म्हणायचे. मी रोज रिकाम्या इमारतींत जात होतो.

ती कोठी शिवपुरीच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या एका गाडीवाटेवर होती. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. साखळीवाल्याचे पाय सुजले होते. "आप देख आओ, नापना हो तो आवाज़ दे देना," असं म्हणून तो कडुनिंबाखाली टेकला. कोठी तिथून दिसत होती, पण तिचं दार पलीकडच्या अंगाला. मी वळसा घालून एकटा गेलो.

उंबऱ्यावर जाळं नव्हतं. उंबरा झाडलेला होता.

मी तिथंच थांबायला हवं होतं, किंवा साखळीवाल्याला बोलवायला हवं होतं. मी व्हरांड्यात चढलो. दार अर्धवट लोटलेलं, आत काळोख. दगड फेकायचा धीर होईना. मी खोकलोही नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला होता. आणि आतून आवाज आला, म्हाताऱ्या पुरुषाचा.

"कोण आहे? या, आत या. दार लोटा नुसतं."

मराठीत. शहरापासून इतक्या लांब, खोऱ्याच्या तोंडाशी, जिथे वाटेत भेटलेल्या कुणालाही मराठीचा एक शब्द येत नसेल, तिथे माझ्या घरातल्यासारखी मराठी. माझे आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि ते असंच म्हणायचे. त्या क्षणी मला बागी आठवले नाहीत. मला वाटलं, हा मेलेल्यांतला कुणीतरी आहे. दरबारच्या कुठल्या जुन्या शिपायाचा आत्मा इथे राहिला आहे. मी पळालो. चप्पल निघाली, ती उचलायला थांबलो नाही.

पण धावतानाच नाकात एक वास होता, आणि अर्ध्या वाटेवर तो मला समजला. डाळीला दिलेली लसणाची फोडणी. भूत डाळ शिजवत नाही. तिथे माणूस होता, आपला माणूस. त्यानं मला घरात बोलावलं होतं. तेव्हाच मागे फिरता आलं असतं.

तेवढ्यात साखळीवाला समोर आला. माझा एक पाय अनवाणी होता.

"का भओ बाबूजी? बागी?"

मी हो म्हणून मान हलवली. मी खोटं बोललो ते एवढंच. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही.

पुढचं सगळं त्या मानेवर उभं राहिलं. आमच्या फॉर्मवर एक रकाना होता, आत जाऊन पाहिलं की नाही, आणि नाही तर का नाही. मी लिहिलं, आत बागी असल्याचा संशय. बड्या बाबूंनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. दोन-तीन टेबलांवरचे लोक भोवती जमले. "कितने थे?" एकानं विचारलं. मी म्हणालो, नीट दिसलं नाही. दुसरा म्हणाला, "बंदूक तो होगी ही." मी चहा पीत राहिलो. कागद पोलिसांकडे गेला. आठवड्यानं बडे बाबू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबाश! एक पकड़ा गया."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं, दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

दहा-बारा दिवसांनी चपराशानं एका म्हाताऱ्याला माझ्या टेबलाशी आणलं. "बड़े बाबू कह रहे हैं, ये दक्खिनी है, आप ही समझो इसकी." म्हातारा उंच होता. खाकी कोट, त्याची सगळी बटणं लावलेली. उजव्या कानावर पट्टी. तो बोलायला लागायच्या आधीच तो कोण हे मी ओळखलं होतं.

"रामराम, पंत," तो म्हणाला. तोच आवाज. "या कानानं आता ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे बसा."

मी खुर्ची सरकवली.

त्यानं सावकाश सांगितलं. पलटणीत तो होता. पलटण मोडली तेव्हा शिपायांच्या लाइनीतली खोली गेली. त्याच्या जुन्या साहेबानं सांगितलं, कोठी राखत बैस, हुकूम येईपर्यंत. "हुकूम काही आला नाही. हुकूम देणारे साहेबच राहिले नाहीत. मी आणि मंडळी, दोघं राहत होतो. मंडळीला चालवत नाही." मग पोलीस आले. टोळीतले बाकीचे कुठे, असं विचारत त्यांनी त्याला ठाण्यात सात दिवस ठेवलं. सातव्या दिवशी एकानं त्याचा पलटणीचा कागद वाचला आणि सोडलं. पण कोठीला कुलूप लागलं होतं. बायकोला त्यांनी नई सडकेवरच्या एका देवळाच्या ओसरीत आणून सोडलं होतं. "उघड्यावर आहे हो ती. थंडीत तिचे सांधे आखडतात."

"मग माझ्याकडे काय काम?" मी विचारलं.

"ठाणेदार म्हणाला, रपट ज्यानं दिली त्यानंच एक ओळ लिहून फिरवली, की तिथे बागी नव्हते, तर कुलूप निघेल. तो बाबू इथलाच आहे म्हणे. मी पाहिला त्याला, पाठमोरा. काळी टोपी होती. मी तर हाक मारली होती आत या म्हणून. घाबरला असेल. पोरवय असणार." तो जरा हसला. "तुम्ही त्याला सांगाल का? राग नाही म्हणावं. एक ओळ दे म्हणावं फक्त."

माझी काळी टोपी टेबलावर, माझ्या कोपरापाशी होती. त्या खोलीत टोपी घालणारा मी एकटा. त्यानं टोपीकडे पाहिलं की नाही, हे मी तेव्हा पाहिलं नाही, कारण मी खाली बघत होतो. त्याला कळलं होतं आणि तो मला वाट करून देत होता, की खरंच कळलं नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

एक ओळ. दौत समोर होती. पण ती ओळ लिहिली की मी खोटी रपट दिली हे सिद्ध, आणि महिन्याभरात कच्च्या नोकऱ्यांचा निकाल लागायचा होता. घरी बसलेले वडील डोळ्यांसमोर आले. मी त्यांना तेव्हा पुढे केलं आणि पुढे कैक वर्षं करत राहिलो. खरं तर नोकरीपेक्षा मला त्या खोलीची भीती वाटली, त्या दोन-तीन टेबलांची. शाबाश म्हणणारे हसतील याची.

"विचारतो मी," मी म्हणालो. "तोवर तुमचा एक अर्ज करू या."

मी सुंदर अर्ज लिहिला. हिंदीत, दोन पानी, त्याच्या चाकरीची सगळी वर्षं घालून. त्यात वरपासून खालपर्यंत सगळं होतं, ती एक ओळ सोडून. त्यानं सही केली, कागद उजेडात धरला.

"अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं," तो म्हणाला. "देव भलं करो."

त्यानंतर मी दोनदा नई सडकेवरून गेलो. एकदा ती दिसली. भिंतीला टेकून, पाय लांब करून, गोधडी छातीपर्यंत ओढून बसली होती, आणि कुणी परकर-पोलक्यातली मुलगी तिला काही विचारत होती. मी समोरच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला सुतळीचा गुंडा घेतला.

अर्ज टेबलाटेबलांवरून फिरला, आणि सहा आठवड्यांनी शेरा घेऊन माझ्याच टेबलावर आला: जागेवर जाऊन पाहावं, तिथे कुणी राहत होतं का. तोवर मी पक्का झालो होतो. आता ओळ लिहायला हरकत नव्हती, म्हणून मी त्याच संध्याकाळी देवळात गेलो. ओसरी रिकामी होती.

"गेले," पुजारी म्हणाले. "दक्षिणेत, गावी."

"कोणत्या गावी?"

"साताऱ्याकडे कुठेसं. चार पिढ्यांत कोणी गेलेलं नाही, गावाचं नावही दोघांना दोन आठवत होतं. तिला पाठीवर घेऊन स्टेशनला गेला."

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून किल्ली घेऊन मी आणि साखळीवाला कोठीवर गेलो. मी सगळ्या खोल्या फिरलो, भीती न वाटता. त्या दिवसापासून रिकाम्या घराची भीती मला कधी वाटली नाही. चुलीजवळची भिंत हातभर उंचीपर्यंत पांढऱ्या मातीनं सारवलेली होती. माझी चप्पल दाराआड खुंटीला टांगून ठेवली होती.

बाहेर येऊन मी साखळीवाल्याला सगळं सांगितलं. त्याच्याइतकं खरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो साखळी गुंडाळत राहिला.

"धुआँ तो हमने भी देखा था, बाबूजी," तो म्हणाला. "बागी दिन में चूल्हा थोड़े ही जलाता है."

"तो उस दिन बोले क्यों नहीं?"

"आपने मूँड़ हिला दी थी. आप बाबू ठहरे, हम का बोलते."

मी बाबू होतो आणि तो नव्हता. कागद गुडघ्यावर ठेवून मी लिहिलं, इमारत रिकामी, वस्तीयोग्य. पुढे लिहायला जागा होती. कुणी राहत होतं का, हा तर प्रश्नच होता. मी पेन झटकलं, टोपण लावलं. गाडीवाटेवर चढ आला तसा साखळीवाला उतरला, आणि सडकेला लागेपर्यंत पुन्हा कॅरिअरवर बसला नाही.