भिंतीवरून उतरवलेलं चित्र

वाचक मित्रांनो, मी, तुमचा ग्रंथपाल, आजचा प्रकार वाचनालयाच्या या फलकावरच लिहितो.

धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारे हरिपदबाबू तुम्हाला माहीत आहेत. लहानपणी ते पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले. सातपुड्यातल्या, धरणात बुडणाऱ्या गावांची त्यांची चित्रं सध्या आपल्याकडे लागली आहेत.

सकाळी अध्यक्षांचा निरोप आला, "ज्यात पोलीस घर रिकामं करताहेत, ते चित्र उतरवा. इथे राजकारण नको."

बाबूंनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी स्टुलावर चढून चित्र उतरवलं.

दुपारी त्या चित्रातल्या गावचे एक आबा एसटीने आले, रंगवलेलं आपलं घर बघायला. बाबूंनी बाहेर पायरीवर चित्राचं कापड उलगडलं. आबांनी दारावरून हळूच बोट फिरवलं.

"हाई मनं घर शे," ते अहिराणीत म्हणाले. मग वाचनालयाच्या दाराकडे बोट करून मला विचारलं, "आठे बी जागा नही का आमले?"

बाबू म्हणाले, "आबा, मला माझं घर आता आठवतही नाही. म्हणून तुमचं रंगवलं."

आबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. चित्र माझ्या टेबलावर आहे. उद्या मी ते पुन्हा लावलं, तर तुमच्यापैकी कोण माझ्याजवळ उभं राहील?