डब्याखालची शेवंती

आमच्या वहिनींबद्दल चार ओळी लिहाव्यात असं मनात येऊन बरेच दिवस झाले. मला लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे जमेल की नाही कोण जाणे. वहिनींनी तरी असं काय केलं, तर काज-बटण. शिंप्याच्या दुकानातून शिवलेल्या सदऱ्यांची गाठोडी घरी यायची. त्यांना काजं करायची, बटणं लावायची आणि घड्या घालून परत पाठवायची. जन्मभर हेच. पण एकदा त्यांनी एक शेवंती फुलवली होती. तिच्यापायी घरात जे झालं ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

घरात आम्ही चार माणसं. आई, दादा, वहिनी आणि मी धाकटा, बिनलग्नाचा. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीला लागून वहिनींचं टेबल होतं आणि त्यावर अगदी खाली ओढून घेतलेला दिवा. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, उजेड जरा कमी पडला की टाका हुकायचा. त्यामुळे संध्याकाळी लागलेला तो दिवा आम्ही सगळे झोपलो तरी जळत असायचा. दादाच्या पगारात घर भागत नव्हतं, म्हणून त्या दिव्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

मागची गॅलरी आईची. तिथे दिवसभर ऊन, आणि थंडीची चाहूल लागली की आईच्या शेवंत्या पिवळ्याधमक व्हायच्या. एका वर्षी कुंड्या बदलताना तिने मुळाशी आलेला एक फुटवा वहिनींना दिला. गॅलरीत जागा नव्हती, म्हणजे आईला ती द्यायची नव्हती. वहिनींनी कुंडी आपल्या खिडकीत ठेवली. तिथेही सकाळचं ऊन चांगलं यायचं. झाड नुसतं माजलं. पानं अशी हिरवीगार की येणारा-जाणारा थबकून बघे. कळी मात्र नाही. पुढच्या वर्षीही नाही.

वहिनींना मूल नव्हतं. तोवर आई आडून आडून बोलायची, आता तिला कुंडी सापडली. शेजारणी आल्या की म्हणायची, पाणी वेळेवर, खत वेळेवर, आणि कूस रिकामी. जशी मालकीण तशी कुंडी. हे ती हसत म्हणायची, म्हणजे कुणाला रागवायची सोय नाही. वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्यांच्यात काही दोष निघाला नव्हता. डॉक्टरांनी नवऱ्याला पाठवा म्हणून सांगितलं. मला काय धाड भरलीये, असं म्हणून दादाने तो विषय मिटवला. मग सुनेला माहेरी पाठवण्याची भाषा सुरू झाली. वहिनींच्या माहेरी त्यांना ठेवून घेणारं कुणी उरलं नव्हतं, हे आईला ठाऊक होतं.

एकदा जेवताना आई म्हणाली, "त्या झाडाला एक कळी येऊ दे, मी पुन्हा या गोष्टीवर तोंड उघडणार नाही."

वहिनी वाढत होत्या. आई टोमणा मारून मोकळी झाली होती, पण वहिनींनी तो शब्द म्हणून धरला.

त्या रोपं विकणाऱ्या माळ्याकडे गेल्या. पिशव्या उचलायला म्हणून मीही सोबत होतो. माळ्याने पाणी, खत, ऊन सगळं विचारून घेतलं आणि मग विचारलं, रात्री जवळ दिवा असतो का. वहिनींनी टेबलाचं सांगितलं तसा तो हसला. "बाई, तुम्ही तिची रात्र खाताय," तो म्हणाला. "शेवंतीला दिवसा ऊन हवं तसा रात्री काळोख हवा. रात्र मोठी झाली की मगच ती कळी धरते. तुमच्या घरी तिची रात्र होतेच कुठे?"

वहिनींपुढे पेच पडला. दिवा बंद करावा तर काम बंद. घरी येऊन त्यांनी आईला विचारलं, महिना-दीड महिना गॅलरीत एका कोपऱ्यात ठेवू का. आई म्हणाली, तिथे मुंगी शिरायला जागा नाही. मग वहिनींनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घासून वाळवला आणि दिवा लावायच्या आधी कुंडीवर पालथा घालायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर पहिलं काम डबा काढायचा आणि कुंडी उन्हात फिरवून ठेवायची. दादा त्या झाडाला कैदी म्हणू लागला. आई म्हणाली, सून आता झाडाला बुरखा घालायला लागली. वहिनींनी एक दिवसही चुकवला नाही. तापाने फणफणल्या होत्या तेव्हा अंथरुणातून मला हाक मारून डबा घालायला लावला.

एका सकाळी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"भाऊजी, जरा बघा हो. या काजांनी माझे डोळे गेलेत. मला भास तर होत नाहीये ना?"

शेंड्याला मोहरीएवढी कळी होती. मी सांगितलं, एक नाही, चार आहेत. वहिनी खुर्चीत बसल्या आणि गाठोड्यातला सदरा मांडीवर घेऊन नुसत्याच बसून राहिल्या.

फुलं उमलली त्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दुपारी जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी कुंडी आणून आईसमोर ठेवली. आईने फुलं निरखली, पाकळ्यांना बोट लावून पाहिलं.

"फुललं खरं," ती म्हणाली. "झाडाला उपाय सापडला म्हणायचा. आता तुझ्यावर कुठला डबा घालायचा?"

दादा हसला. घास तोंडात असताना हसला, ठसका लागला.

वहिनींनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं. मग आईकडे बघत, रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "आई, झाडात खोट नव्हती. माझ्यातही नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. आता राहिलं कोण, ते तुम्हीच सांगा."

दादाचा ठसका थांबला. आईने मान खाली घातली आणि पानातलं चिवडत बसली. दादा खरकट्या हातानेच उठला, कुंडी उचलली आणि गॅलरीत नेऊन दाणकन ठेवली. घरात माती नको, एवढंच म्हणाला. इतकी वर्षं नसलेली जागा त्याने पायाने दोन कुंड्या सारून केली.

ऐन दुपारचं ऊन होतं. खिडकीतल्या सकाळच्या उन्हाला सरावलेलं झाड एकदम बाहेर पडलं. दोन दिवसांत पानं करपली, फुलं काळवंडली. आईने ते पाहिलं आणि शेजारणींना दाखवलंही. दादा डॉक्टरकडे गेला नाही. वहिनींना माहेरी पाठवायची भाषा मात्र थांबली. त्यांच्या त्या प्रश्नाची पुन्हा वाच्यता व्हायला नको, एवढ्यासाठीच थांबली.

वहिनींनी करपलेलं झाड मातीलगत छाटलं, गॅलरीतच भिंतीच्या सावलीत ठेवलं. नवे फुटवे आले तसतशी कुंडी रोज थोडी थोडी उन्हाकडे सरकवली. पुढच्या थंडीत ते झाड आईच्या झाडांबरोबर आपोआप फुललं. दिवसा ऊन, रात्री काळोख. डब्याची गरजच नव्हती. पिवळ्यात पिवळं मिसळलं, कुठलं कुणाचं ते ओळखू येईना. आई सगळ्याच कुंड्यांवरची फुलं खुडायची आणि शेजारणींना वाटताना म्हणायची, शेवंतीला माझाच हात लागतो.

पुढच्या खोलीत दिव्याखाली बसलेल्या वहिनींना ते ऐकू जायचं. त्या दोरा दाताने तोडायच्या आणि पुढचं काज घ्यायच्या.