सळईनं सुटलेला नट
परवा शेजारच्या गॅरेजातून जळक्या ऑइलचा वास आला आणि मला भूमजवळच्या आमच्या खव्याच्या भट्टीपुढचं अंगण आठवलं. मी तेव्हा नवी सून होते. खवा बाजाराला नेणारी मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली होती आणि घरात खवा आंबायला लागला होता. मेकॅनिकनं निरोप दिला होता की गिअरबॉक्स उतरवून आणा, लगेच करून देतो. सासरे आणि आमचे हे सकाळपासून गाडीला भिडले होते. बाकी सगळं सुटलं, पण गंजलेला एक नट काही केल्या हलेना. पान्हा निसटून ह्यांच्या बोटांची सालटं निघाली, तसा सासऱ्यांनी हातोडा उचलला. खवा हलवता हलवता मी म्हणाले, "मामा, ठोकू नका, फुटंल. कढईला धरलेली खरवड आपण तापवूनच सोडवतो की." "ह्ये काय कढई हाय व्हय?" ते खेकसले. मी ऐकते कसली! पेट्रोलची टाकी आधीच लांब नेऊन ठेवली होती. भट्टीत लाल केलेली सळई मी नटावर टेकवून धरली, ऑइलचा धूर नाकाडोळ्यांत गेला. मग पदरात पान्हा धरून अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट करकरत फिरला. दुपारी एसटीत गिअरबॉक्सचं पोतं माझ्या मांडीवर होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" सासरे अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गिअरबॉक्स! आमच्या सूनबाईनं उतरवलाय." तो वास आला की आजही माझी मान आपोआप ताठ होते.