हात लावून उठवायचं नाही

निपाणीजवळच्या एका गावातली ती घटना मी अजून विसरलेलो नाही. इंग्रजी अंमल होता आणि मी तिथे नवा फौजदार होतो. भर दुपारी वर्दी आली, की तंबाखूच्या शेतात धाकट्या भावाने थोरल्याच्या डोक्यात खोरे घातले.

आम्ही पोहोचलो तेव्हा थोरला गेलेला होता. धाकटा पळाला नव्हता. भावाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणले.

"खोपीत झोपलो हुतो, सायेब. जाग आली तवा अण्णा खाली पडलेला, अन् खोरं माझ्या हातात."

'नशेत होतो', 'अंगात आलं होतं' असे बचाव मी पुष्कळ ऐकले होते. झोपेचे नाव सांगणारा हा पहिलाच. मला रागापेक्षा कुतूहल वाटले. त्याची बायको म्हणाली, हलवून उठवले की तो अंगावर धावून येतो, नंतर त्याला काही आठवत नाही. पण बायकोच्या जबाबावर किती विसंबायचे?

मग मयताचा मेहुणा आपण होऊन ठाण्यात आला. "दोघा भावांचं बांधावरनं लई वाजलं हुतं, सायेब. झोपेचं समदं सोंग हाय."

खुनाला कारण मिळाले. जबाब घेताना कळले, की हा मेहुणा आणि आरोपी तंबाखूच्या राखणीला बरोबर असत. मी सहज विचारले, "पाळी बदलताना त्याला कसं उठवायचास?"

"लांबनं काठी लावून. हात कोण लावंल त्याला?"

बोलला आणि त्याने जीभ चावली.

"मग सोंग कसं?"

"सोंग न्हाय," तो खाली बघत म्हणाला. "पर माझ्या भनीचं कुकू गेलं, त्येचं काय?"

मी बांधाचे भांडणही लिहिले आणि काठीही लिहिली. बेळगावच्या सेशन कोर्टात त्याला जबाब फिरवता आला असता. त्याने एकदा बहिणीकडे पाहिले आणि काठीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. आरोपी निर्दोष सुटला.

विरुद्ध बोलायला आलेल्या साक्षीदारालाही आणखी एक प्रश्न विचारावा, हे मी तेव्हा शिकलो.

कोर्टाबाहेर सुटलेला तो माणूस माझ्याजवळ आला. "सायेब, अण्णा मला कधी हात लावून उठवत न्हवता. त्या दिशी का लावला?"

भांडण मिटवायला आलेला माणूस लांबून काठी लावत नाही, असे माझ्या मनात आले. पण ते मी त्याला सांगितले नाही.