तिसऱ्या नंबरात सुखदेवचा पंप

कमेंटमध्ये "काका, काय घेऊन लिहायला बसलात" असं विचारायचं असेल तर आत्ताच विचारून घ्या. चहा घेतलाय, बिनसाखरेचा. भूत, चकवा, हडळ, मुंजा... या ग्रुपवर रोज जे येतं ते मी वाचतो आणि हसतो. तीस वर्षं मशिनी दुरुस्त करणारा माणूस आहे मी. मशीन आवाज करते तर त्याला कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर ऑइल संपलेलं असतं. आता एक आवाज असा निघालाय की त्याचं कारणच सापडत नाही, आणि त्यापायी माझं डोकं पार उठलंय. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन मुलीनं तपासलंय, राग माझा आहे.

मी रफिक. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका, गाव धामणगाव बढे. बाजाराच्या रस्त्यावर दुकान आहे. पाण्याच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेली तार काढून नवीन गुंडाळतो. आधी फवारणीचे पंपही करायचो. आठ वर्षं झाली, पंपाला हात लावला नाही. का, ते पुढे येईलच.

मुलगी शाहीन पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. चांगली नोकरी. आणि सुट्टीच्या दिवशी काय करते, तर ड्रम बडवते. चौघांचा बँड आहे. नाव काय तर 'पडीक'! आमच्याकडे जमीन पडीक ठेवली की अख्खा गाव नावं ठेवतो, आणि यांनी ते हौसेनं लावून घेतलं. असो. त्यांचा पहिला अल्बम निघाला. तिनं मोबाईलवर पाठवला आणि मी ऐकत असताना फोनवर थांबून राहिली, बाप काय म्हणतो ते ऐकायला.

"गाणारा कवा येते?" मी विचारलं.

"गाणारा नाहीये अब्बा. नुसती वाद्यं आहेत. पोस्ट-रॉक म्हणतात याला."

"बरं. मंग सुरू कवा होते?"

"अब्बा, सुरू होऊन चार मिनिटं झाली."

सहा तुकडे. गाण्याला नाव नाही, फक्त नंबर. एकेक नंबर दहा-दहा मिनिटांचा. आधी काहीच होत नाही, मग हळूहळू थोडं काही होतं, मग एकदम आभाळ फाटल्यासारखं होतं, मग परत काहीच नाही. तिसऱ्या नंबरच्या शेवटी तर अर्धा मिनिट नुसती शांतता. मी म्हटलं, "हे तरी कापून टाका, ऐकणाऱ्याले वाटते मोबाईल बिघडला." ती म्हणाली, "ते मुद्दाम ठेवलंय." मी फोन ठेवला.

पण खरा संताप पुढे आहे. गावात सगळे तेच ऐकायला लागले! गावची पोरगी म्हणून एकदा ऐकतील असं मला वाटलं होतं. नाही. मेडिकलवाला ऐकतो. कापूस वेचायला बाया नेणाऱ्या रिक्षात तेच लागतं. समोरचा चहावाला अन्वर, ज्याच्या टपरीवर वीस वर्षं कव्वाली सोडून काही वाजलं नाही, तोही तेच लावून बसला. मी वैतागून विचारलं, "काऊन बे, यात काय ठेवलंय असं?"

तो गाळणी आपटत म्हणाला, "रफिकभाई, यात कोणी काही सांगत नाही. दिवसभर सगळे सांगूनच राह्यले. बियाणंवाला सांगते, औषधवाला सांगते, टीव्हीवर साहेब सांगते. हे नुसतं आपल्यासंगं चालते."

मला तेव्हा ते पटलं नाही. पण एक दिवस दुपारी मोटार भरताना मीही लावलं. तारेचे वेढे मोजावे लागतात. गाण्यात शब्द असले की आकडा चुकतो, म्हणून मी दुकानात कधी गाणी लावत नाही. हे लावलं तर आकडा चुकला नाही. उलट हात छान लागला. मनात म्हटलं, चला, पोरीचं एक तरी कामाला आलं.

तिसरा नंबर सुरू होता. आठव्या मिनिटाला, सगळी वाद्यं एकदम चढली तेव्हा, मला त्यात पंप ऐकू आला.

पंप म्हणजे पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा फवारणीचा. असा-तसा नाही. दर सहा-सात ठोक्यांनंतर एक ठोका खाणारा. टर्रर्र... मग एक बारीक झोल... परत टर्रर्र. माझ्या हातातली तार सुटली. तो पंप मला माहीत होता. सुखदेवचा पंप.

आता सुखदेव सांगतो. माझा शाळेपासूनचा दोस्त. तीन एकर जमीन, काळी, कपाशीची. गावात मला रफ्या म्हणणारा तेवढा एकच उरला होता. बीटीचं बियाणं नवीन आलं तेव्हा सगळे म्हणत होते की आता फवारणीच लागणार नाही. सुखदेव मला चिडवायचा, "रफ्या, दुकानाले कुलूप लाव आता, माह्यासंगं वखर हाकाले ये." एक-दोन वर्षं खरंच कामं कमी झाली. मग पानांतला रस पिणारे किडे आले, मग त्याच बीटीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, आणि माझ्या दुकानासमोर पंपांची रांग लागली. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवून मारायचे. धंदा वाढला याचं सुख तेव्हाही वाटलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी सुखदेव पंप घेऊन आला. "झाकणातून गळून राह्यलं बे. पाठ भिजते." झाकणाचा रबरी वायसर फाटला होता. नवीन वायसर मलकापूरहून आणावा लागणार होता, आणि त्याला थांबायचं नव्हतं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचं गोल कडं कापलं आणि बसवलं. आम्हा मिस्त्री लोकांचा हाच तर रोग आहे, 'नाही' म्हणता येत नाही, ट्यूब कापून देतो. इंजिन बंद करायच्या बटणाची वायरही तुटली होती. ती जोडायलाही वेळ नव्हता. मी त्याला दाखवलं, हवा आत जाते त्या तोंडावर तळहात दाबून धरायचा, दम कोंडला की इंजिन बंद. त्यानं एकदा करून पाहिलं. आवाज जड झाला, दोन आचके दिले, बंद. "जमलं," तो म्हणाला. मी म्हटलं, "चार टाक्या मार, मंग येजो, वायसर आणून ठेवतो." दुकानात आम्ही दोघंच होतो.

तो परत आला नाही. दुपारी शेतात पडला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. औषध अंगात भिनलं असं डॉक्टर म्हणाले. गावात लोक म्हणाले, "पंप पाठीवर चालूच होता म्हणे, पेट्रोल संपलं तवाच बंद पडला." पाठीवर! मला दुसरं काही ऐकायचंच राहिलं नाही. माझं ट्यूबचं कडं गळालं, पाठ भिजली, माणूस मेला. मयतीला गेलो तो मागे उभा राहिलो. त्याची बायको कुसुमवैनी, तिच्या दारात आठ वर्षं पाऊल टाकलं नाही. कोणत्या तोंडानं टाकू?

तर तो पंप. आणि नंबर संपता संपता काय व्हावं... आवाज जड झाला, दोन आचके, बंद. मग ती अर्ध्या मिनिटाची शांतता.

म्हटलं, मनाचे खेळ. शाहीनला फोन केला, "कोणाच्या पंपाचा आवाज भरला त्यात?"

"पंप? अब्बा, ती गिटार आहे."

"मले पंप अन् गिटार कळत नाही का?"

ईदला ती लॅपटॉप घेऊन आली. बापलेकीची जी जुंपली ती अन्वरच्या टपरीपर्यंत ऐकू गेली. तिनं चारही वाद्यं वेगवेगळी करून ऐकवली. एकटी गिटार, पंप नाही. दुसरी गिटार, नाही. ती जाड तारांची, नाही. ड्रम, नाही. चारही एकत्र लावली की आठव्या मिनिटाला पंप! मी बोट ठेवून दाखवतो, "हा घे, हा ठोका खाल्ला!" आणि तिला ऐकूच येत नाही. अन्वरला बोलावलं, त्यालाही नाही. सुखदेवनं पंप घेतला तेव्हा शाहीन बुलढाण्याला होस्टेलवर होती, तिनं तो कधी पाहिलाही नव्हता. शेवटी ती थकून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला कमी ऐकू येत नाही, तुम्हाला जास्त ऐकू येतं."

ती पुण्याला गेली आणि मी रोज तेच ऐकत बसलो. पंधरा दिवसांनी माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. पेट्रोल संपून इंजिन बंद पडतं तेव्हा आवाज आधी वर चढतो, पातळ होतो, मग तडतडत मरतो. हा तसा नव्हता. हा तळहातानं बंद केलेला होता. आणि पंप पाठीवर असताना तिथे हात पोचूच शकत नाही. पंप उतरवून खाली ठेवावाच लागतो. म्हणजे तो पडला तेव्हा पंप त्याच्या पाठीवर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमवैनीच्या घरी गेलो. वैनी ओट्यावर कापसातला पाला निवडत होती. मला पाहून उठली नाही. माझ्या तोंडून काय निघावं? "वैनी, एक गाणं आयकता का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जमीन फाटावी. "आठ वर्षांनी आले रफिकभाऊ, अन् गाणं आयकवाले आले?"

तरी मी मोबाईल ओट्यावर ठेवला. पंपाचं एक अक्षर बोललो नाही, कुराणावर हात ठेवून सांगतो. पहिली सात मिनिटं तिनं कापूस निवडला आणि मला शिव्या घातल्या नाहीत एवढंच. आठव्या मिनिटाला तिचे हात थांबले. शेवटी दोन आचके आले, शांत झालं, आणि ती म्हणाली, "बंद केला त्यानं."

"काय बंद केलं?"

"पंप. अजून काय?" ती चिडून म्हणाली, जसं काही मीच बावळट.

मग तिनं सांगितलं. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकरी घेऊन बसली होती. कपाशीत माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. मग पंप बंद झाला. तो चालत बाहेर आला, पाणी मागितलं, अर्धा तांब्या प्यायला, डोकं गरगरते म्हणाला आणि तिच्या मांडीशीच पडला.

"अन् पाठ?" मी विचारलं. "सदरा मागून ओला होता का वैनी?"

"कोरडा होता. म्याच तं काढला. समोरून ओलाचिंब होता. वारं फिरलं होतं, अन् हा आपल्याच फवाऱ्यात चालत राह्यला."

पंप घरातच होता, खाटेखाली, गोणपाटात. मी झाकण उघडलं. माझ्या कात्रीनं कापलेलं ट्यूबचं कडं जिथल्या तिथे बसलेलं होतं, कुठे चीर नाही. मी तिथेच बसून रडलो, लहान पोरासारखा, लाज वाटली नाही. सुटलो असं म्हणत नाही. नवीन वायसर येईपर्यंत थांब, हे मी त्याला म्हणायला पाहिजे होतं. पण आठ वर्षं जे उरावर होतं ते खोटं निघालं.

वैनीनं मला समजावलं-बिमजावलं नाही. चांगलं झोडपलं. "हे तवाच इचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का? मले वाटलं, दोस्त गेला, आता दोस्ताच्या बायकोशी काय लेणंदेणं. दारावरून गाडी न्यायचे, हळूही करत नव्हते."

आता सांगा याचं कारण. शाहीननं तिच्या रेकॉर्डिंगवाल्याला विचारलं. तो म्हणतो, चार आवाज मिसळले की कानात कधीकधी पाचवा तयार होतो. ठीक, मानलं. पण त्या पाचव्याला सुखदेवचा तळहात कुठून आला? गावात बाकी कोणालाच ऐकू येत नाही, मग न सांगता वैनीला कसा ऐकू आला? दोन महिने झाले, मी रोज डोकं आपटतोय. कारण नाही. मिस्त्री माणसाला हे किती जाचतं ते तुम्हाला कळणार नाही.

वैनीनं तो तिसरा नंबर तिच्या मोबाईलमध्ये टाकून घेतलाय. मागच्या आठवड्यात तिच्या शेतावरून जाताना दिसली, धुऱ्यावर बसली होती, मोबाईल शेजारी. मी गाडी थांबवली. म्हटलं, "वैनी, काऊन घडीघडी तेच आयकता? जिवाले तरास करून घेता."

ती म्हणाली, "तुम्हाले नुसती मशीन आयकू येते रफिकभाऊ. पंप बंद झाला की मंग तो धुऱ्यावर येते. तेवढं मी बसून राह्यते."

घरी आल्यावर शाहीनला फोन केला आणि सांगितलं, तो शेवटचा अर्धा मिनिट कापू नको.