निघताना ‘कुठं’ विचारू नये

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. जाफराबादहून जालना, जालन्याहून भोकरदन, चतुर्थीला राजूरची जादा गाडी. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द देवाच्या नावाचा नाही, अन् बायकोच्या तर नाहीच नाही. तो शब्द म्हणजे ‘कुठं?’ मान वर न करता विचारायचं, ‘कुठं?’ समोरचा सांगायचा, मी तिकीट फाडायचो. आमदारकीला पडलेला माणूस असो की माहेरी निघालेली लेकुरवाळी, या प्रश्नातून कुणाची सुटका नव्हती.

आणि घरी नेमकी याच शब्दाला बंदी! निघालेल्या माणसाला ‘कुठं चालला’ विचारलं की काम फिसकटतं, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक असतं. अगदीच राहवलं नाही तर ‘लांब निघाले का?’ म्हणावं. आमची मंडळी तर या बाबतीत साहेबापेक्षा कडक. एकदा मी खाकी घालून, तिकिटाची पेटी काखेत मारून निघालो, तर शेजाऱ्यानं विचारलं, ‘कुठं?’ आता कंडक्टर त्या वेशात काय लग्नाला जातो? पण नाही. बायकोनं मला दारातून परत ओढलं, गुळाचा खडा दिला, पाणी पाजलं, पाच मिनिटं बसवलं अन् मग सोडलं. सहाची गाडी सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली. उशिराचं कारण म्हणून ‘गूळ’ लिहिता येत नाही, म्हणून मी ‘टायर’ लिहिलं.

सहा वर्षांपूर्वी आमचा एकुलता एक पोरगा ऑस्ट्रेलियाला नोकरीला निघाला, तेव्हा तिनं आदल्या दिवशीच गल्लीत घरोघरी जाऊन ताकीद दिली होती, ‘उद्या कुणी तोंड उघडायचं न्हाई.’ सकाळी सगळी गल्ली दारात जमली अन् तोंडाला कुलूप लावून उभी राहिली. मी पण. तो पाया पडला, जीपमध्ये बसला, गेला. दोन वर्षांनी लग्नापुरता आला, बायकोला घेऊन गेला, त्यानंतर चार वर्षं त्याचा पत्ता नाही. म्हणजे फोन दर रविवारी. पण ‘घरी कधी येतो?’ म्हटलं की ‘रजेचं बघतो, आप्पा’ अन् लगेच ‘तिकडं पाऊस काय म्हणतो?’ त्याची मोटरसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर शनिवारी किक मारायचो. शेजारी विचारायचे, ‘दर शनिवारी धुरळा काढता, चालवणारा येणार हाये का न्हाई?’ मी आणखी एक किक मारायचो.

मग त्यानं आम्हा दोघांनाच तिकडं बोलावलं. मी ठरवूनच गेलो. पोराला समोर बसवायचं अन् विचारायचं, ‘येणार कधी? का येणारच नाहीस? एकदाचं सांगून टाक.’ विमानात मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘खबरदार! पोरगं एवढ्या मायेनं बोलवून राह्यलं अन् तुम्ही त्याची झडती घ्यायला निघाले का?’

तिथं पोचून आठ दिवस होतात न होतात तोच पोरगा म्हणाला, ‘आप्पा, आपण कॅम्पिंगला जाऊ.’ कॅम्पिंग म्हणजे काय, तर चांगलं पक्कं घर, पंखा, पलंग सोडून उघड्या माळावर जाऊन झोपायचं. ‘अरे, याला आपल्याकडं जागल म्हणतात,’ मी म्हटलं, ‘पण राखायला निदान ज्वारी तरी असते. इथं काय राखायचं?’ सूनबाई हसून हसून लोटपोट. जीप मात्र जबरदस्त होती. तंबू टपावर, शिडी लावून वर चढायचं. बायकोनं पदर खोचला अन् माळ्यावर चढावं तशी सरसर वर गेली. खाली मीच शिडी धरून थरथरत होतो.

तो रस्ता काय सांगू! नाकासमोर सरळ. सकाळी जेवून निघालो तर दुपारपर्यंत एक वळण नाही. दोन्ही बाजूंना लाल माती, वाळकं गवत अन् त्याच्यापुढं पुन्हा लाल माती. बायको सारखी काचेला नाक लावून, ‘एवढी जमीन पडीक? काहून पेरत न्हाईत हे लोक? निदान तूर तरी टाकायची.’ पोरानं समजावलं की इथं पाणी नाही. ‘मंग जाफराबादला काय गंगा वाहती का?’ यावर त्यानं गाडीचा वेग वाढवला.

माझं दुःख वेगळं होतं. शंभर-शंभर किलोमीटर जाऊनही एक फाटा नाही, अन् फाट्यावर हात दाखवणारा एक माणूस नाही. आमच्याकडं गाडीनं वेग धरला की कुणीतरी पिशवी हलवत पळत येतंच. इथं एक कांगारू तेवढा रस्त्याकडेला उभा दिसला. सवयीनं मी म्हणालो, ‘घ्या, जागा हाये.’ एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. समोरून गाडी आली की तो ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायचा. ओळख ना पाळख. मग मी पण दोन्ही हात जोडून प्रत्येकाला राम राम घालायला लागलो. तीन-तीन डबे जोडलेले लांबलचक ट्रक यायचे, त्यांनाही.

माश्यांचा तेवढा वैताग. बोलायला तोंड उघडलं की माशी आत. पोरगा-सून डोक्यावर जाळीची टोपी घालून फिरायचे. बायकोनं तोंडावरून पदर घेतला अन् म्हणाली, ‘हे बघा, आपल्या बायांनी आधीच शोधून ठेवलंय.’

चौथ्या दिवशी एका पंपावर थांबलो. पंप, हॉटेल, दुकान, सगळं एकाच पत्र्याखाली. चालवणारी माझ्याच वयाची बाई, कानामागं पेन. आमच्या डेपोतल्या कंट्रोलरसारखाच चेहरा, म्हणजे उपकार केल्यागत. पुढं आम्हाला डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं एक डोंगर बघायला जायचं होतं. पैसे देऊन निघालो, पाय उंबऱ्यात, अन् बाईनं पोराला विचारलं, ‘कुठं निघालात?’

इंग्रजीत विचारलं. पण बायकोला इंग्रजी येत नसताना ते बरोब्बर कळलं, कसं ते देव जाणे. ‘झालं!’ ती ओरडली. ‘लागली नाट! बसा समदे खाली!’

चौघं बाकड्यावर बसलो. पर्समधून गूळ निघाला. बाई बिचारी बघतच राहिली, तर बायकोनं तिच्याही हातावर एक खडा ठेवला. पोरगा कानात म्हणाला, ‘आप्पा, इथं एक रजिस्टर असतं. कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्यानं कुठं चाललो, किती माणसं, परत कधी, हे लिहायचं. वेळेत आलो न्हाई तर हे लोक शोधायला येतात.’ तो उठायला लागला तर बायकोनं त्याचं मनगट धरलं, ‘आता मागं वळायचं न्हाई. सरळ गाडीत बस.’ अन् पोराला अन् सुनेला हाकलत बाहेर घेऊन गेली.

मी मागं राहिलो. रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं, कोरी ओळ माझ्याकडं बघत होती. एकतीस वर्षं नोंद केल्याशिवाय मी गाडी हलू दिली नाही, ती सवय का एका गुळाच्या खड्यानं जाते? मी पेन उचललं. कुठं? डोंगर. माणसं? चार. परत? उद्या दुपारी बारा. खाली सही ठोकली अन् काहीच झालं नाही अशा तोंडानं गाडीत जाऊन बसलो.

दिवस मावळायच्या आत गाडी रुतली. कोरडी नदी, पात्रात पिठासारखी वाळू. पोरानं जोर केला तशी चाकं जास्तच खाली बसली. फोनला रेंज नाही. खोऱ्यानं उकरलं, फांद्या घातल्या, मी मागून धक्का मारला, कंबर धरली. काही उपयोग नाही. पाणी भरपूर होतं, ज्वारीचं पीठ होतं, तशी जिवाची भीती नव्हती. पण पोराचा चेहरा उतरला. ‘माय, रजिस्टरमध्ये लिहिलं असतं तर उद्या कुणी तरी आलं असतं,’ तो म्हणाला.

बायको मटकन वाळूतच बसली. ‘माझ्यामुळं झालं रे सगळं,’ म्हणून डोळ्याला पदर लावला.

मला बघवेना. म्हटलं, ‘रडू नको. मी लिहिलंय.’

तिचं रडणं जागेवर थांबलं. ‘काय लिहिलं?’

‘कुठं चाललो ते.’

‘म्हणूनच रुतली!’ ती ताडकन उठली. ‘तरी म्हटलं, एवढा गूळ खाऊन नाट काहून निघाली न्हाई! चोरून लिहिता? या वयात?’ त्या निर्जन माळावर तिनं माझी जी काढली, ती ऐकून दूर बसलेले दोन कावळेसुद्धा उडून गेले. पोरगा अन् सून आधी दबून हसले, मग मोठ्यानं. मग तीही हसली.

तीन दगडांची चूल मांडून तिनं भाकरी टाकल्या. ठेचा, कांदा, भाकरी. जेवता जेवता पोरगा एकदम म्हणाला, ‘मी निघालो त्या दिवशी पण कुणी काहीच विचारलं न्हाई.’

‘मीच न्हाई म्हणून सांगितल्तं,’ बायको म्हणाली.

‘माहीत हाये, माय. रीत हाये ते कळतं. पण सगळी गल्ली नुसती गप उभी. जीप फाट्यावर जाईपर्यंत मी वाट बघितली, एकानं तरी म्हणावं, परत कधी येशील. तुम्ही तर, आप्पा, साऱ्या तालुक्याला विचारायचे. मला न्हाई विचारलं. लग्नाच्या वेळी पण तेच. पुन्हा घरी यायचं म्हणजे पुन्हा तसं निघायचं. नको वाटतं.’

मी त्याच्यावर चार वर्षं चिडून होतो अन् पोरगा सहा वर्षं त्या दारातच उभा होता. बायकोनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, त्याला नको असताना.

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमाराला धुरळा दिसला. पिकअप घेऊन पंपावरची बाई स्वतः आली होती. उतरली, घड्याळावर बोट ठेवून मला म्हणाली, ‘तू बारा लिहिलं होतं. बारा वाजले, तू आला नाहीस. मी निघाले.’ एवढंच. पट्टा लावून तिनं जीप ओढून काढली. बायकोनं तिला धरून गळामिठी मारली अन् उरलेला सगळा गूळ देऊन टाकला.

परत पंपावर आलो. रजिस्टरमध्ये ‘परत आले’ म्हणून खूण करायची होती. ती केली अन् खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून मी पेन पोरापुढं धरलं. ड्युटीवरच्या आवाजात विचारलं, ‘कुठं?’

तो बघतच राहिला. मी बायकोकडं बघितलं नाही, हिंमतच नव्हती. मागून तिचा आवाज आला, ‘इचारलंय न बापानं? मंग सांग की.’

त्यानं खाली मान घालून लिहिलं. कुठं, जालना जिल्हा. माणसं, दोन. पोचणार, येत्या अक्षय तृतीयेला. बाईनं चष्मा लावून वाचलं. पोरानं तृतीया समजावून सांगितली. ती म्हणाली, ‘आला नाही तर मला कळवा. पण तिथवर पिकअप येणार नाही.’

ती वेळ यायचीच नव्हती. मुलगा-सून आदल्या दिवशीच आले. पंधरा दिवस मोटरसायकल गावभर उंडारत होती.

परतीच्या सकाळी गल्ली सवयीनं दारात जमली, तोंडाला कुलूप लावून. पोरगा बूट घालायला ओट्यावर टेकला, अन् बायको त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. ‘कुठं निघाला रे?’ असं खणखणीत विचारलं की शेजारणीनं तोंडावर हात ठेवला.

‘अगं बाई, निघताना इचारतेस?’

‘निघाला कुठं? बसलाय अजून,’ बायको म्हणाली. ‘बसलेल्या माणसाला इचारलं तर चालतं.’ अन् पोराकडं वळून, ‘परत कधी? महिना सांग. नुसतं बघतो म्हणायचं न्हाई.’

पोराच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली. ‘दिवाळीला, माय,’ तो म्हणाला.

‘न्हाई आला तर मी निघंन शोधायला. रस्ता माहीत झालाय मला.’

मग गूळ, पाणी, पाच मिनिटं. मुलगा-सून जीपमध्ये बसले. ड्रायव्हर खोळंबला होता. मी पुढं झालो अन् जीपच्या टपावर दोन थापा मारल्या, डबल बेल दिल्यासारख्या.