वीस हजार खोटी माणसं

ऑफिसात तिला सगळे झडतीबाई म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. कुणी आपणहून चहा आणून दिला तरी ती आधी विचारायची, "आज काय काम काढलंस?" घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची, मग अर्ध्या जिन्यावरून परत वर जाऊन चौथ्यांदा. नवरा म्हणायचा, "एक दिवस ते कुलूपच नोकरी सोडून जाईल."

आधी अठरा वर्षं ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसत होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला हे नवं काम मिळालं, खोटी माणसं तयार करण्याचं. तिची कंपनी एका मोठ्या रुग्णालयासाठी भेटीची वेळ ठरवण्याची संगणक-व्यवस्था बांधत होती. सकाळी नऊच्या ठोक्याला हजारो लोक एकदम आत शिरले तर ती तग धरेल का, हे आधीच बघायचं होतं. त्यासाठी एक प्रोग्रॅम हजारो लोकांचं सोंग घ्यायचा. त्या प्रत्येक सोंगाला नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर, पासवर्ड पुरवायचं काम झडतीबाईचं.

या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकच माणूस हजारदा पाठवला तर यंत्राला त्याचं उत्तर पाठ होतं आणि परीक्षा फुकटची सोपी होते, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. शिवाय खिडकीत बसून तिनं माणसं पाहिली होती. एका घरातले पाचजण एकच फोन नंबर देतात. जन्मतारीख आठवली नाही की एक जानेवारी सांगून मोकळे होतात. तिच्या यादीत असे सगळे असायचे. फोन नंबर मात्र ती चार शून्यांनी सुरू करायची. चुकून संदेश सुटलाच तरी कुणाला पोचायला नको.

एका बुधवारी या कामाचा प्रमुख तिच्या टेबलाशी आला. वयानं तिच्याहून वीस वर्षांनी लहान, कायम घाईत.

"तुमच्या आठ हजार माणसांनी भागणार नाही. वीस हजार लागतील. उद्या तीन वाजता चाचणी आहे."

"चार दिवस तरी लागतील."

"बघू," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं तिला आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी फाइल हजर. बरोब्बर वीस हजार ओळी. तिचा संशय थेट शेजारच्या टेबलावर गेला. तिथं बसणाऱ्याला सगळे गुपचूप म्हणायचे. दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप, म्हणून हे नाव. गेल्या आठवड्यात त्यानं तिला विचारलं होतं, "पत्ते कसे बनवता?" आता तिला उमगलं. हा माझी जागा घ्यायला निघालाय! त्याच्या चुका काढायच्या म्हणून ती फाइल वाचायला बसली.

तीनशेबाराव्या ओळीवर ती थांबली. पत्ता होता: 'टायरच्या दुकानामागे, निळं दार. बेल वाजत नाही, ठोकावं.' कुठल्या प्रोग्रॅमला बेल बिघडल्याचं सुचतं? पुढे एकाच्या फोनखाली लिहिलं होतं, 'नंबर मुलीचा आहे, सहानंतर करावा.'

तिनं खुर्ची वळवली. "हे तू केलंस?"

"नाही." गुपचूपनं प्रमुखाच्या केबिनकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हीच केलंत."

माणसं खरी असल्याच्या नुसत्या संशयावर केबिनमध्ये शिरून उपयोग नव्हता. ओळखीचं एक तरी माणूस सापडायला हवं होतं. तिनं फाइलीत स्वतःचा नंबर शोधला. नव्हता. नवऱ्याचा शोधला. तोही नव्हता. तोंडपाठ असलेला तिसरा नंबर धाकट्या बहिणीचा होता. तो टाकताच एक ओळ उघडली.

क्षणभर तिला आनंदच झाला. पकडलं! मग तिनं पुढचं वाचलं. कर्करोग विभाग. चौथी भेट.

पाच महिने बहीण घरी आली नव्हती, फोनवरही तुटक बोलायची. आईचं कपाट मी ठेवून घेतलं म्हणून रुसली आहे, असं झडतीबाईनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि मनातल्या मनात चार भांडणंही उरकली होती. तिनं ती ओळ बंद केली, उठली आणि केबिनमध्ये गेली.

"ही माणसं खरी आहेत."

प्रमुखानं नाकारलं नाही. "रुग्णालयानं जुन्या नोंदी नव्या व्यवस्थेत भरायला दिल्यात, त्यातून घेतली. एका दुपारचा तर प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं."

"काय कळलं?"

ते तिनं सांगितलं नाही. "तीन वाजता या लोकांना भेट ठरल्याचे, रद्द झाल्याचे संदेश जातील."

"संदेश बंद ठेवलेत, बाई. किती संशय घ्याल?"

"बंद आहेत ना? मग माझा नंबर टाकून एकदा चालवून दाखवा."

त्यानं वैतागून चालवलं. तिच्या हातातला फोन थरथरला. 'आपली भेट रद्द झाली आहे.' प्रमुखाचा चेहरा खर्रकन उतरला.

तिनं त्याला समोर बसवून फाइल पुसायला लावली, मग तिची प्रत. तिसरी प्रत गुपचूपनं हुडकून काढली. झाला प्रकार रुग्णालयाला कळवणारं पत्र गेल्याचं दिसेपर्यंत ती प्रमुखाच्या खुर्चीमागून हलली नाही. रुग्णालय भडकलं. प्रमुखाकडून ते काम काढून घेतलं गेलं. चाचणी आठवडाभर लांबली, आणि वीस हजार खोटी माणसं झडतीबाई आणि गुपचूप यांनी मिळून उभी केली.

"मला वाटलं होतं, तू माझ्या जागेवर टपलायस," ती त्याला म्हणाली.

"कळत होतं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

शनिवारी ती बहिणीच्या दारात उभी राहिली. बहिणीनं डोक्याला रुमाल बांधला होता. झडतीबाईकडे पाहूनच तिनं ओळखलं.

"कुणी सांगितलं, ताई?"

"कुणी नाही. कामाच्या यादीत तुझा नंबर आला. मी शोधला म्हणून आला. मला बघायचा हक्क नव्हता."

"मी मुद्दाम सांगितलं नव्हतं." बहिणीनं दार धरून ठेवलं होतं. "सांगितलं असतं तर झडती सुरू झाली असती. डॉक्टर कोण, कशावरून खरं, दुसऱ्याला दाखवलं का! मला आजार पुरे आहे, ताई. जा तू आता."

ती गेली. जिन्यात तिला रडू आलं, पण परत वर गेली नाही.

अकरा दिवसांनी बहिणीचा फोन आला. "गुरुवारी सोबत येशील? तोंड उघडायचं नाही."

झडतीबाई गेली. चार तास बाकावर बसली. सलाइनची बाटली कुणी लावली, तिच्यावर काय लिहिलं होतं, सगळं तिला दिसत होतं. ती गप्प राहिली. पुढचे सहा गुरुवारही. शेवटी तपासणीचा अहवाल आला, तो चांगला होता. बहिणीनं तो तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. आता विचार काय विचारायचं ते."

झडतीबाईनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "यावरची तारीख बरोबर आहे ना?" आणि बहीण कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.